घडीची सायकल आणि हिरूआत्या

सायकल कुठलीही घ्या, पण मागे माणूस बसलं पाहिजे, ही हिरूआत्याची पहिली अट होती. आणि घडी घातली की ती मोटारीच्या डिकीत मावली पाहिजे, ही दुसरी. पहिली अट मला कळत होती. दुसरी कळायला बराच काळ जावा लागला. आमच्या घरात तेव्हा मोटार नव्हतीच, त्यामुळे डिकीचा विषय निघाला की माझा मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, हसून म्हणायचा, "आत्या, आधी मोटार घेऊ, मग डिकी बघू." आत्या त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा बघायची नाही. घडीची सायकल म्हणजे मधून मोडून दुमडता येणारी, लहान चाकांची सायकल. आता ती जिकडेतिकडे दिसते, तेव्हा भिवंडीत फारशी कोणी पाहिलेली नव्हती. माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयातले सर तशी सायकल घेऊन यायचे. कल्याणहून येताना ती दुमडून बसमध्ये घालायचे, उतरले की उलगडायचे, आणि वर गेले की पुस्तकांच्या कपाटामागे उभी करून ठेवायचे. तिथूनच ते खूळ माझ्या डोक्यात शिरलं आणि घरात मी ते सगळ्यांच्या डोक्यात घातलं.

हिरूआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमचीच. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांच्या लग्नात देवकार्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गायचे असतात, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. ती गात नाही तोवर हळद लागत नाही, असं आमच्या लहानपणी होतं. एरवी विधवा बाईला लग्नघरात कोपऱ्यातली जागा मिळते. हिरूआत्याला मात्र नवरीच्या शेजारी पाट असायचा. भिवंडीलगतच्या आमच्या टेमघरपासून वाडा रस्त्यावरच्या गावांपर्यंत कितीतरी बायकांच्या हळदीला तिने धवले गायले होते, आणि पुढे त्यांच्या लेकींच्या हळदीलाही तीच गेली होती.

टेमघरला आमच्याच शेताच्या जागेवर बिल्डिंग उभी राहिली होती आणि आम्ही तिच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. जिथे पूर्वी भाताचे वाफे होते तिथे खाली पार्किंग, आणि मागच्या गल्लीत कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने. लूमची खटखट इतकी अखंड चालायची, की लाइट गेली आणि ती थांबली की आम्हाला झोपेतून जाग यायची. आत्या सकाळी गॅलरीत मशेरी लावत बसायची आणि चूळ भरून झाली की हलक्या आवाजात धवला धरायची. लूमच्या ठेक्यावर तिचा धवला आपोआप बसायचा, आणि कारखान्यातला एखादा बिहारी कारागीर वर बघून "अम्मा, आज किसकी शादी?" असं विचारायचा. आई आत तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची. दुसऱ्या तव्यावर सुकट भाजायला टाकलेली असायची आणि तो वास जिन्यापर्यंत जायचा. आत्या लग्नाहून आली की पदरात नारळ आणि ओटीचे तांदूळ असायचे. त्या तांदळाची पेज ती स्वतः करायची, आणि त्यातली पहिली वाटी मला मिळायची. बाकीच्यांना तो पक्षपात वाटायचा, आणि तो पक्षपातच होता.

तिला लग्नघरी नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे कसं आलं, तेही सांगायला हवं. दादाकडे मोटारसायकल होती, पण आत्या तिच्यावर कधीच बसली नाही. तिचा नवरा मोटारसायकलवरून जाताना हायवेवर कंटेनरखाली गेला होता. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही, फक्त कोणी मोटारसायकल पुढे केली की "मी चालत जातंय" म्हणायची आणि खरोखरच चालू लागायची. टमटम मोठ्या रस्त्याने जायची आणि गावाच्या फाट्यावर सोडायची. फाट्यापासून गाव लांब. म्हणून मी शाळेत असल्यापासून तिला माझ्या लेडीज सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचे. ती हाडांचा सापळा होती, तिचं वजन म्हणून जाणवायचं नाही. मग एक दिवस जिन्याखालून ती सायकल चोरीला गेली. पार्किंगमध्ये जागा नाही, तिसऱ्या मजल्यावर मोठी सायकल चढवता येत नाही, आणि टमटममध्ये ती घालता येत नाही. घडीच्या सायकलीत मला या तिन्हीची सोय दिसत होती.

दुकान ठाण्याला होतं. आत्या आपलं गुडघ्यापर्यंतचं आगरी लुगडं नेसून, नथ घालून आली, लग्नाला निघाल्यासारखी. दुकानातल्या माणसाने आमच्याकडे पाहिलं आणि तिच्यासाठी आधी खुर्ची आणली. दोन सायकली त्याने पुढे ठेवल्या. एक अगदी लहान चाकांची, दुमडली की भाजीच्या पिशवीएवढी व्हायची, मला एका हाताने उचलता आली. दुसरीची चाकं जरा मोठी, गिअर असलेली, दुमडली तरी चांगलीच जड. मला पहिली आवडली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. तिचा रंग निळा होता.

"रोजच्यासाठी ही छान आहे," तो म्हणाला. "टूरिंग करायचं असेल तर दुसरी घ्या."

"टुरिंग म्हंजे काय रं?" आत्याने विचारलं.

"लांब लांब फिरायला जातात, आज्जी. सामान बांधून, गावोगाव. चार-चार दिवस घरी येत नाहीत."

"मंग मी जल्मभर दुसरा काय केला?" आत्या म्हणाली, आणि खुर्चीवरून उठून सरळ त्या मोठ्या सायकलच्या कॅरिअरवर जाऊन बसली. "वने, चालव."

त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. कॅरिअर बॅगेसाठी आहे, माणसासाठी नाही, असं तो सांगू लागला. आत्याने त्याला पुरतं बोलू दिलं आणि मग म्हणाली, "मानूस कुठं हाय? हाडां हायत नुस्ती." मी तिला घेऊन दुकानासमोर एक फेरी मारली. लहान चाकं खड्ड्यात आपटत होती, तरी सायकल सरळ चालत होती. उतरल्यावर तिने गिअर पाहिले नाहीत, ब्रेक पाहिले नाहीत. तिने एवढंच विचारलं, "मोटारीच्या डिकीत मावल का ही?" मावेल, असं त्याने सांगितलं तरी तिचं समाधान होईना. शेवटी त्याने मालकाची मोटार उघडली आणि सायकल दुमडून डिकीत ठेवून दाखवली. आत्याने जवळ जाऊन डिकीचं झाकण स्वतःच्या हाताने लावून पाहिलं. नीट लागलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हीच घ्यायची." निळी सायकल तिथेच राहिली. परवा माझी मुलगी मोबाइलवर घडीच्या सायकली बघत बसली होती. किती वजनाची, किती गिअरची, कुठल्या देशातली, आणि मध्येच मला विचारू लागली की तुम्ही तेव्हा काय बघून घेतली. मी म्हटलं, आत्याला बसवून घेतली. ती हसली. तिला ती थट्टा वाटली.

मागच्या गल्लीतल्या लूमच्या फिटरने कॅरिअरखाली लोखंडी पट्ट्या मारून दिल्या, वर आईने जुन्या गोधडीचा तुकडा शिवून बसवला, आणि आमचं टूरिंग सुरू झालं. रोज कॉलेजला जाताना निजामपुऱ्यातल्या गर्दीतून, हातगाड्या आणि तागे वाहणाऱ्या टेम्पोंच्या मधून मी ती सायकल काढायचे. मुलं पाठीमागून "ए, सर्कस" म्हणून ओरडायची. घरी आले की दुमडून जिना चढायचा आणि ती दाराच्या मागे उभी करायची. तिच्यामुळे दार कधी पूर्ण उघडत नसे आणि आई रोज एकदा तरी कुरकुरायची. लग्नसराईत मात्र सायकलचा थाट वेगळा. टमटममध्ये आत्या खिडकीशी, शेजारी मी, आणि माझ्या मांडीवर दुमडलेली सायकल. फाट्यावर उतरलं की मी ती उलगडायची, आत्या पदर खोचून मागे बसायची, आणि गाव येईपर्यंत धवला मनातल्या मनात म्हणून बघायची.

मनातल्या मनात म्हणजे माझ्या पाठीवर. धवल्यात सुरुवातीला देवांना बोलवायचं असतं. गावदेवी, खाडीवरचे देव, शेताच्या बांधावरचे देव, घरातली गेलेली माणसं, एकेकाचं नाव घेऊन लग्नाला यायचं आवतण. नाव आलं की आत्या माझ्या पाठीवर एक बोट टेकवायची. बोट टेकलं की मला कळायचं, एक देव आला. शेवटी हळद लागून झाली की त्या सगळ्यांना परत वाटेला लावायचं. तेव्हा ती बोट टेकवायची नाही, पूर्ण तळहात सपाट ठेवायची. मी एकदा विचारलं की गाणं मध्येच राहिलं तर काय होतं. ती म्हणाली, "देवांना घराशी बोलावलाय, आनि जा बोललीच न्हाय, तर ती कुठं जातील गो? पोरीच्या संसारात अडकून पडतील." देव असे अडकतात की नाही हे मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. पण आत्याने अर्धा टाकलेला धवला मी कधी ऐकला नाही, एक सोडून.

ती दिघाशी गावातली हळद. नवरीच्या आईच्या हळदीला आत्यानेच धवले गायले होते, म्हणून तिचं आवतण आधीपासून होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा मांडवाच्या एका बाजूला माणसापेक्षा उंच स्पीकर रचलेले होते. डीजे तोपर्यंत हळदीत शिरलेलाच होता, पण धवले होईपर्यंत तो गप्प असायचा. त्या दिवशी नवरीचा काका आत्याजवळ येऊन वाकून म्हणाला, "हिरूबाय, जरा थोडक्यात घ्या हां. पोरा थांबत न्हाईत." त्याच्या बोलण्यात अनादर नव्हता, नुसती घाई होती, आणि मला वाटतं त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. आत्या नवरीशेजारी पाटावर बसली, डोक्यावरून पदर घेतला, आणि देवांना बोलवायला लागली. बायका मागून सूर ओढत होत्या. हळद लागत होती. सगळे देव आले, गेलेली माणसं आली, आणि आता त्यांना पाठवायचं, तेवढ्यात मागे कोणीतरी बटण दाबलं.

तो आवाज छातीत बसला. मांडवाच्या खांबांना बांधलेल्या झेंडूच्या माळा हलायला लागल्या. पोरं पुढे घुसली, बायकाही उठल्या, नवरीलाही कोणी हाताला धरून उठवलं. आत्या पाटावर बसूनच होती. तिचं तोंड चालू होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, पण तिच्या शेजारी बसून मलाही एक शब्द ऐकू येत नव्हता. मग नाचणाऱ्या कोणाचा तरी पाय पाटाला लागला आणि ती थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं. एवढ्या लग्नांत मी तिला लग्नघरात बावरलेली कधी पाहिली नव्हती. तिने माझा हात धरला आणि आम्ही बाहेर आलो. जेवणाला थांबा, असं मागून कोणीतरी म्हणालं, पण तेही आवाजात बुडून गेलं.

ऊन उतरलं होतं. मी सायकल उलगडली. आत्या बसली. डीजेचा आवाज बराच वेळ पाठीमागे येत राहिला, मग शेतं लागली आणि तो हळूहळू कमी झाला. आवाज पुरता गेला तेव्हा आत्या म्हणाली, "वने, हळू चालव." आणि जिथे तुटला होता तिथून तिने धवला धरला. मोठ्याने, मांडवात म्हणावा तसा. रस्त्यावर कोणी नव्हतं. दिघाशीच्या त्या पोरीच्या घरी आलेल्या एकेका देवाला तिने नाव घेऊन वाटेला लावलं, आणि प्रत्येक नावाला माझ्या पाठीवर तळहात सपाट ठेवला. वळणावर एक आंब्याचं झाड होतं, तिथे तिचा धवला संपला. नंतर ती रडली. मी मागे वळून पाहिलं नाही, पण पाठ ओली झाली ते कळत होतं. मीही रडत होते आणि सायकल चालवत होते. फाट्यावर टमटम मिळाली तेव्हा तिने डोळे पुसले आणि ड्रायव्हरला म्हणाली, "जरा बाजूला सरक रं, माझी सायकल बसूं दे."

त्यानंतर तिला आवतणं येत राहिली, पण ती आता "थोडक्यात घ्या" अशीच यायची, आणि आत्याने ती हळूहळू नाकारली. त्या वर्षी पावसाळ्यानंतर तिचा आवाज बसला. खडीसाखर झाली, लवंग झाली, हळदीचं दूध झालं. मशेरी सोड म्हणून आई कितीदा म्हणाली होती. शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि घशात गाठ निघाली. ऑपरेशन करून ती घरी आली तेव्हा तिच्या गळ्यातून नुसती हवा यायची. डोळे मात्र तसेच होते. ती सकाळी गॅलरीत बसायची, खाली लूम चालायची, आणि तिचे ओठ हलायचे. कारागीर वर बघायचे आणि काही विचारायचे नाहीत. घरात तिला आवाज नसण्याची आम्हाला सवय झाली, असं मी लिहिणार होते, पण तसं नव्हतं. सवय कोणालाच झाली नाही.

त्याच सुमारास माझं लग्न उरणला ठरलं. हळदीला डीजे दादानेच ठरवला होता, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. दुसरी धवलारीण बोलवावी, असं आई म्हणाली. मी म्हटलं, माझ्या शेजारच्या पाटावर आत्याच बसेल. "आगो, तिला आवाज कुठंय?" आई म्हणाली, आणि म्हणताना तिलाच रडू आलं. हळदीच्या दिवशी आत्याला आम्ही माझ्याशेजारी बसवलं. तिने पदर घेतला आणि तोंड उघडलं. मागे डीजेवाला मुलगा म्हणाला, "चालू करू? इधर तो कोई गा नहीं रहा." दादा उठला. माझा थट्टेखोर दादा, आत्याशी जन्मभर डिकीवरून वाद घालणारा. त्याने स्पीकरची वायर उपटली आणि तिथेच, स्पीकरच्या पुढ्यात, हाताची घडी घालून उभा राहिला.

आत्याचे ओठ हलत होते. काही ऐकूच येत नव्हतं. लोक एकमेकांकडे बघत होते, एक म्हातारी शेजारणीला विचारत होती की काय बोलतं काय ती. मागच्या गल्लीतली लूम तेवढी चालू होती. मग माझ्या हळद लावलेल्या पाठीवर आत्याचं बोट टेकलं. एक देव आला. पुन्हा टेकलं, दुसरा आला. गावदेवी आली, खाडीवरचे आले, आजा आला, आजी आली. आत्याचा नवरा आला तेव्हा बोट जरा जास्त वेळ राहिलं. त्या मांडवात मला एकटीला सगळा धवला ऐकू येत होता. शेवटी तिने तळहात सपाट ठेवला, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, आणि एकेकाला वाटेला लावलं. एकही देव माझ्या संसारात अडकून पडू नये याची तिने तजवीज केली. धवला संपल्यावर तिने दादाकडे पाहून 'झालं' अशी मान हलवली. तरी त्याने वायर जोडली नाही. माझ्या हळदीला डीजे वाजलाच नाही आणि त्यावरून पोरं दादाशी बरीच भांडली.

लग्न लागलं. उरणहून आलेली फुलांनी सजवलेली मोटार बिल्डिंगखाली उभी होती. आई मला कवटाळून रडत होती. तेवढ्यात जिन्यावरून आत्या उतरताना दिसली, आणि तिच्यामागे दुमडलेली सायकल घेऊन दादा. आई भानावर आली. "आगो, लोकं काय बोलतील? पोरीबरोबर काय सायकल धाडतात?" आत्याला उत्तर देता येत नव्हतं. ती मोटारीच्या मागे गेली आणि डिकीवर हाताने थापटत राहिली. नवऱ्याने उतरून डिकी उघडली. दादाने सायकल ठेवली, गोधडीचा तुकडा असलेलं कॅरिअर वर. आत्याने झाकण स्वतः लावलं, ठाण्याच्या त्या दुकानात लावून पाहिलं होतं तसं, आणि माझ्याकडे वळून पाहिलं. तेव्हा मला कळलं की ती दुकानात कोणाच्या मोटारीचा विचार करत होती. मी कॉलेजात होते, लग्नाचा विषयही घरात नव्हता, आणि तिने मात्र माझी पाठवणी डोळ्यांपुढे आणून सायकल निवडली होती. मला कोणाच्या मागे बसायची वेळ येऊ नये, मनात येईल तेव्हा घरी येता यावं, एवढंच तिला हवं होतं. जन्मभर दुसऱ्याच्या वाहनाची वाट पाहिलेल्या बाईने याहून वेगळं काय मागितलं असतं.

मी तिच्यासाठी फार वेळा येऊ शकले नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. बाराव्याला मी सायकल डिकीत घालून टेमघरला गेले, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता टमटमने दिघाशीच्या फाट्यावर उतरले. सायकल उलगडली. मागे कोणी बसणार नव्हतं, तरी मी सवयीने क्षणभर थांबले. पावसाने उघडीप दिली होती, रस्ता तोच होता. सायकल हलकी लागत होती, चढावर तर फारच हलकी, आणि तो हलकेपणा मला सहन होईना. आंब्याच्या वळणावर मी उतरले. मला धवले येत नाहीत. ते तिने मला शिकवले नाहीत आणि मी कधी मागितलेही नाहीत; आमचं सगळं पाठीवरूनच चालायचं. तिला वाटेला लावायला मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मी कॅरिअरवर तळहात सपाट ठेवला. गोधडीच्या तुकड्याखाली फिटरची पट्टी उन्हाने तापली होती. मी हात बराच वेळ तसाच ठेवला.